गाळ उपसणारं गाव

पुण्या-डोंबिवलीहून पाहुणे येतात ते यादी घेऊनच. बुर्ज खलिफा, दुबई मॉल, डेझर्ट सफारी, जमलं तर अबुधाबीचं मंदिर आणि परतीच्या आदल्या दिवशी सोनं. यादी संपून एखादी संध्याकाळ हातात उरली, की कोणीतरी विचारतं, "जुनं काही आहे का गं इथे?" विचारण्याच्या सुरातच उत्तर असतं. नसणारच. पन्नास वर्षांपूर्वी इथे नुसतं वाळवंट होतं, हे दुबईला कधी न आलेल्या माणसालाही ठाऊक असतं. दुबईचीही त्या समजुतीबद्दल फारशी तक्रार नसते. शून्यातून उभं राहिलेलं शहर म्हटलं की कौतुक आपोआप दुप्पट होतं.

माझी मात्र तक्रार आहे. १९०९ साली या 'वाळवंटात' टपाल कचेरी उघडली होती आणि तिथे हिंदुस्थानची तिकिटं विकली जात होती. बाजारात रुपया चालायचा. पुढे सोन्याच्या चोरट्या व्यापाराने भारताची गंगाजळी आटायला लागली, तेव्हा १९५९मध्ये रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा छापल्या. १९६६च्या जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि रातोरात हात पोळलेल्या या बाजाराने रुपया सोडला. नुसत्या वाळवंटाला टपाल कचेरी लागत नाही आणि रुपया घसरला म्हणून वाळवंट हळहळतही नाही. त्यासाठी पत्राची वाट पाहणारी, उधारी लिहून ठेवणारी, माल कधी येतो म्हणून समुद्राकडे बघत बसणारी माणसं लागतात.

ती माणसं खाडीवर होती. आखाताचं पाणी इथे जमिनीत शिरून वळण घेत काही मैल आत, रास अल खोरच्या उथळ पाणथळीपर्यंत जातं. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उभे असतात. या खाडीला वरून येऊन मिळणारी नदी नाही. आपल्याकडच्या खाड्यांना असते तशी डोंगरातली पाठराखण नाही. तिच्या एका काठावर बर दुबई, दुसऱ्यावर देरा आणि मुखाशी जिभेसारखा पुढे आलेला शिंदगा. १८३३मध्ये बनी यास टोळीतली अल बू फलासा ही शाखा अबुधाबी सोडून इथे आली, आठशेच्या आसपास माणसं. आज राज्य करणारं मक्तूम घराणं त्यांचंच. उन्हाळाभर मोत्यांसाठी बुडी मारायची आणि मोती मुंबईला पाठवायचे. तिथे ते निवडले जात, विंधले जात, ओवले जात आणि पुढे युरोपला जात. इथल्या सुगीचा भाव मुंबईत ठरायचा.

समोरच्या इराणी किनाऱ्यावर लिंगा नावाचं मोठं बंदर होतं. विसाव्या शतकाच्या तोंडावर इराणच्या सरकारने तिथे जकातीचा फास आवळला. दुबईच्या शेख मक्तूम बिन हशरने नेमकं उलटं केलं, आपल्या बंदरातली जकात काढूनच टाकली. वर लिंग्याच्या व्यापाऱ्यांना किल्ल्याशेजारी घरं बांधायला जागा दिली. व्यापारी आले, त्यांच्या मागोमाग मुंबईच्या आगबोटीही १९०४च्या सुमारास इथे थांबायला लागल्या. समोरच्याने दार ओढून घेतलं की आपण उघडायचं, हा धडा दुबईने तेव्हा गिरवला आणि पुढची शंभर वर्षं ती तोच गिरवते आहे.

तर यादी संपलेल्या पाहुण्यांना मी खाडीवर नेते. गेल्या जानेवारीतल्या एका शनिवारी नेलं ते मात्र मला विसरता येत नाही, कारण बरोबर दोन जाणकार होते. एक माझे सासरे, अण्णा. मूळ रेवदंड्याचे. मुंबईच्या गोदीत, म्हणजे त्यांच्या भाषेत बीपीटीत, गाळ काढणाऱ्या ड्रेजरवर त्यांची सगळी नोकरी झाली. दुसरी माझी ऑफिसातली मैत्रीण, जर्मनीच्या उत्तर टोकाच्या ल्यूबेक गावची. अण्णा तिला "मॅडम" म्हणत होते, ती त्यांना "मिस्टर अण्णा". दोघांचं इंग्रजी आपापल्या जागी पक्कं होतं आणि मध्ये कुठेतरी भेटत होतं.

सुरुवात अल फहिदी किल्ल्यापासून. १७८७च्या सुमाराचा, उभ्या दुबईत त्याच्याइतकी जुनी इमारत नाही. अण्णांनी मुरुड-जंजिरा पाहिलेला, कुलाबा किल्ला तर घरचाच. ते एक फेरी मारून म्हणाले, "किल्ला कसला, वाडा आहे बुरूज लावलेला." खरं आहे. इथे तोफांपेक्षा हिशेबाला जास्त महत्त्व होतं. राजाचं घर, तुरुंग, दारूगोळा असं सगळं भोगून १९७१मध्ये त्याचं संग्रहालय झालं. बाहेर चौकात एक लाकडी गलबत कोरड्या जमिनीवर ठेवलेलं आहे. अण्णा त्याच्या फळ्यांच्या सांध्यांकडे बराच वेळ बघत राहिले. किल्ल्याकडे त्यांनी तितकं लक्ष दिलं नव्हतं.

तिथून दोन मिनिटांवर बस्तकिया. इराणातल्या बस्तक गावच्या व्यापाऱ्यांची वस्ती म्हणून हे नाव. आता पाट्यांवर 'अल फहिदी ऐतिहासिक वसाहत' लिहिलेलं असतं. मातकट रंगाच्या उंच भिंती, मधून दोन माणसं जेमतेम जातील अशा गल्ल्या आणि घरांच्या वर चौकोनी मनोरे, बरजील. या मनोऱ्याला चारही बाजूंनी तोंडं असतात. आत कर्णरेषेत भिंती घालून त्याचे चार उभे कप्पे केलेले असतात. वारा कुठूनही आला तरी एका कप्प्यातून खाली खोलीत उतरतो आणि खोलीतली गरम हवा दुसऱ्यातून वर निघून जाते. विजेशिवाय चालणारी ही सोय इराणी व्यापारी बरोबर घेऊन आले. जाचक जकातीतून निसटलेल्या माणसांनी दुबईला दिलेली पहिली भेट ही गार हवेची.

एका घरात भिंतीचा तुकडा गिलावा न करता मुद्दाम उघडा ठेवलेला आहे. ल्यूबेकची मैत्रीण तिथे थांबली. दगड होता, पण दगडासारखा नव्हता. छिद्रांनी भरलेला, कुठे पाकळ्यांचे तर कुठे मेंदूच्या वळ्यांसारखे ठसे. प्रवाळ. समुद्रातून काढून, वाळवून, चुनखडीच्या लेपात बसवलेला. छिद्रांत हवा अडकलेली असल्याने उन्हाचा ताप आत पोचायला वेळ लागतो. वर पाहिलं तर छताला चंदलचे वासे, पूर्व आफ्रिकेच्या खाजणातून गलबतांनी आणलेले. त्या झाडाचा सोट साधारण तीन-साडेतीन मीटरच मिळायचा, म्हणून खोलीची रुंदीही तेवढीच. मालक कितीही श्रीमंत असो, दिवाणखाना लांबीला वाढवायचा. रुंदी आफ्रिकेतल्या झाडाने ठरवून दिलेली. दारांचं सागवान मलबारचं. भिंत समुद्राची, छत आफ्रिकेचं, दार हिंदुस्थानचं आणि मालक इराणचा. दुबईची म्हणावी अशी त्या घरात एकच गोष्ट, जागा.

"आमच्याकडेही दगड नव्हता," मैत्रीण म्हणाली, "म्हणून आम्ही माती भाजली." आणि मग चालता चालता तिने ल्यूबेक आमच्यापुढे मांडलं.

बाल्टिक समुद्रापासून थोडं आत, नद्यांच्या पाण्याने वेढलेलं बेटासारखं जुनं गाव. पाच चर्च, त्यांची मिळून सात टोकदार शिखरं. सगळं लाल विटांचं, कारण उत्तर जर्मनीच्या सपाट प्रदेशात खडक नाही. गावाच्या तोंडाशी होल्स्टन दरवाजा. दोन जाडजूड गोल बुरूज आणि त्यांवर टोप्या. १४६४ ते १४७८ या काळात बांधला. जमीन दलदलीची, त्यामुळे बुरूज खचले आणि आजही तिरके उभे आहेत. शेजारी नदीकाठाला मिठाची जुनी वखार. त्या मिठावर गावाची सारी श्रीमंती. दक्षिणेकडच्या ल्यूनेबर्गच्या खाऱ्या झऱ्यांचं मीठ ल्यूबेकला यायचं आणि उत्तरेला आजच्या स्वीडनच्या टोकाशी पकडलेल्या हेरिंग माशांवर पडायचं. युरोपभर उपासाच्या दिवशी मांस वर्ज्य आणि मासा चालायचा, तेव्हा खारवलेल्या हेरिंगला मरण नव्हतं. मीठ ल्यूबेकचं नाही, मासा ल्यूबेकचा नाही. गाव फक्त दोघांच्या मध्ये बसलं आणि हान्से नावाच्या व्यापारी शहरांच्या संघाची राणी झालं. नॉव्हगोरॉडपासून लंडनपर्यंत त्या संघाच्या वखारी होत्या. आजही ल्यूबेकच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'एचएल' असतं, हान्सेचं शहर ल्यूबेक. या हान्सेची शेवटची सभा १६६९मध्ये झाली. नंबरप्लेटला तिचं दुःख नाही.

अण्णांनी कामाचा प्रश्न विचारला. "मग एवढं सगळं टिकलं कसं?"

ती हसली. "दारिद्र्यामुळे." व्यापार बाल्टिकमधून अटलांटिककडे सरकला, तशी गावाची भरभराट ओसरली. जुनं पाडून नवं बांधायचं म्हटलं तरी पैसा नको का? एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि होल्स्टन दरवाजा वाटेत येतो, पाडा, असा आग्रह सुरू झाला. १८६३मध्ये नगरसभेत मतदान झालं. एका मताने दरवाजा वाचला. पुढे १९४२च्या मार्चमध्ये, पाम संडेच्या रात्री, बॉम्ब पडले. सेंट मेरी चर्चच्या घंटा वरून कोसळून फरशीत रुतल्या. त्या तशाच, तुटलेल्या, अजून तिथे ठेवलेल्या आहेत. १९८७मध्ये युनेस्कोने जुन्या गावाला जागतिक वारसा म्हटलं.

आम्ही उभे होतो ती बस्तकियाही अशीच थोडक्यात वाचलेली. ऐंशीच्या दशकात तिचा मोठा भाग पाडून तिथे सरकारी कचेऱ्या उठल्या आणि उरलेल्या घरांवरही कुदळ पडणार होती. इथे राहणाऱ्या एका ब्रिटिश वास्तुतज्ज्ञाने आरडाओरडा केला. १९८९मध्ये प्रिन्स चार्ल्स दुबईला आले, ही घरं पाहिली, वाचवा म्हणाले आणि पाडकाम थांबलं. तिकडे एका मताने, इकडे एका पाहुण्याच्या शब्दाने. फरक एवढाच, की ल्यूबेकमध्ये तोवर पाडायची ऐपत संपत आली होती आणि दुबईत ती नुकती कुठे आली होती. हाती पैसा खेळत असलेल्या गावात जुनं घर वाचणं जास्त अवघड.

बस्तकियातून निघालं की कापडबाजार लागतो. वर लाकडी छप्पर, खाली पश्मिन्याच्या नावाखाली काहीही गळ्यात घालू पाहणारी पोरं. बाजाराच्या टोकाला मोठ्या मशिदीमागे एक बोळ. एकाएकी झेंडूचा आणि उदबत्तीचा वास येतो. नारळ, कुंकू, चांदीचे देव, पंचांग, तुळशीच्या माळा. सिंधकडच्या भाटिया व्यापाऱ्यांची इथली वहिवाट मोत्यांच्या काळापासूनची. १९५८मध्ये दुबईचे शासक शेख रशीद यांच्या परवानगीने इथे देऊळ झालं. अगदी मशिदीला खेटून. वर्षानुवर्षं दर सोमवारी इथे रांग लागायची. जानेवारी २०२४मध्ये शंकराचं देऊळ इथून हलून जेबेल अलीच्या प्रशस्त नव्या मंदिरात गेलं. तिथे गाडी लावायला जागा आहे, एसी आहे, आणखी काय हवं? तरी महाशिवरात्रीला माझे पाय या बोळाकडे वळू बघतात. देव गेला तरी फुलवाले जागा सोडत नाहीत.

मग अब्रा. खाडी ओलांडणारी उघडी लाकडी होडी. भाडं एक दिरहम, आणि दुबईत एका दिरहमात मिळणारी याहून चांगली गोष्ट मला ठाऊक नाही. मधोमध एक लांब बाक, त्यावर माणसं पाठीला पाठ लावून पाण्याकडे तोंड करून बसतात. वर छत, बाजूंना कठडा नाही. होडीवाला मध्येच एका खळग्यात उभा असतो. त्यामुळे त्याची कंबर आपल्या पायांच्या पातळीवर येते आणि तो तिथूनच चाक फिरवतो, सुट्टे पैसे घेतो, फोनवर बोलतो. इंजिनाचा धूर, डिझेलचा वास, डोक्यावर सीगल. १९६३मध्ये मक्तूम पूल होईपर्यंत पलीकडे जायला हाच जवळचा रस्ता होता.

अण्णा बसल्या बसल्या पाण्याचा अंदाज घेत होते. पलीकडच्या काठाला तीन-तीन ओळींत लागलेल्या गलबतांकडे बघून ते म्हणाले, "एवढी वाहनं आत येतात म्हणजे इथे गाळ काढलाय. कधी काढला?"

इतके पाहुणे आणले, पण हा प्रश्न विचारणारे अण्णा पहिलेच. मी सांगितलं. पन्नासच्या दशकात ही खाडी मरायला टेकली होती. मुखाशी वाळूचा दांडा. ओहोटीला तिथे जेमतेम काही फूट पाणी, लहान गलबतंही रुतून बसायची. मोठ्या आगबोटी बाहेर उघड्या समुद्रात नांगर टाकायच्या आणि माल, माणसं पडावांतून काठावर यायची. शेजारच्या शारजाचंही तेच होत होतं. शारजा तेव्हा मोठं गाव होतं, ब्रिटिशांचं ठाणं, विमानतळ सगळं तिथे. पण तिथली खाडी भरत गेली आणि व्यापार निघून गेला. शेख रशीद यांनी वेळीच ओळखलं. ब्रिटिश अभियंत्यांकडून खाडीची पाहणी करून घेतली, गावातल्या व्यापाऱ्यांकडून रोख्यांवर पैसे उभे केले, कुवेतकडून कर्ज काढलं आणि १९५९ ते १९६१मध्ये खाडी उपसली. पाचशे टनांपर्यंतची जहाजं आत यायला लागली. निघालेली वाळू काठालगत भरून नवी जमीन केली आणि ती जमीन विकली.

अण्णांचे डोळे चमकले. "गाळातून जमीन आणि जमिनीतून पैसा! हा माणूस बीपीटीत पाहिजे होता."

"आणि तेव्हा तेल नव्हतं, अण्णा. दुबईला तेल सापडलं १९६६ला."

हे वाक्य मी प्रत्येकाला ऐकवते आणि बहुतेकांना ते फारसं लागत नाही. अण्णांना लागलं. तेलाच्या पैशाने खाडी खणली असती तर त्यात विशेष काय? पदरात काही नसताना, मोत्यांचा धंदा जपानी कृत्रिम मोत्यांनी तीस वर्षांपूर्वीच बुडवलेला असताना, कर्ज काढून पाण्याखालची वाळू हलवायची याला छाती लागते. शिंदग्यावर शेख सईद यांचं १८९६चं घर आहे, देखणं. पण त्यांच्या मुलाने, म्हणजे शेख रशीद यांनी बांधलेली सगळ्यात मोठी गोष्ट पाण्याखाली आहे आणि तिच्यासमोर उभं राहून फोटो काढता येत नाही. दुबईची खरी प्रेक्षणीय वास्तू मला विचाराल तर ती हीच, खाडीच्या मुखाशी खणलेली ती वाट.

"एक लक्षात ठेव," अण्णा म्हणाले. "ड्रेजिंग एकदा करून होत नाही. समुद्राला सुट्टी नसते. आपण काढतो, तो भरतो. थांबलात की संपलात."

त्यांना आणखीही काही आठवत होतं. मुंबईच्या गोदीतून आखाताकडे सुटणारी 'द्वारका' बोट, डेकवर पत्र्याच्या ट्रंका घेऊन बसलेली माणसं, त्यात कितीतरी रत्नागिरीची. १९८२पर्यंत ती बोट चालू होती. तिच्या घराण्यातली 'दारा' १९६१च्या एप्रिलमध्ये दुबईच्या बाहेर नांगर टाकून माल उतरवत होती. वादळ उठलं म्हणून ती खोल समुद्रात निघाली आणि पहाटे स्फोट होऊन पेटली. २३८ माणसं गेली. खाडी नुकती उपसून झालेली, पण एवढ्या मोठ्या बोटीला आत यायला तेव्हाही वाव नव्हता. त्यासाठी पुढे १९७२मध्ये रशीद बंदर झालं आणि १९७९मध्ये जेबेल अली.

देऱ्याला उतरलो. मसाल्याच्या बाजारात सुकवलेली काळी लिंबं, ऊद, केशर. एका इराणी दुकानदाराने आमच्याकडे बघून "या ताई, काय पाहिजे?" म्हणून हाक मारली आणि मैत्रिणीला "गुटन टाग". बाजारपेठेतल्या माणसाला भाषा लागतात तेवढ्या येतात. आतल्या गल्लीत १९१२ची अहमदिया शाळा आहे, मोत्यांच्या व्यापारी कुटुंबाने काढलेली. पुढे सोनेबाजार. इथून एकेकाळी दहा-दहा तोळ्यांच्या लगडी लाँचमधून निघायच्या आणि कोकणच्या किनाऱ्यावर अंधारात उतरायच्या. दुबईच्या दफ्तरी तो रीतसर निर्यात व्यापार होता. "रात्री दर्यावर दिवा दिसायचा," अण्णा म्हणाले, "सकाळी कोणी कोणाला काही विचारायचं नाही." मैत्रिणीला गंमत वाटली. समुद्रावर जगणाऱ्या गावांचे हिशेब नेहमी दोन वह्यांत असतात, हे तिला ल्यूबेकवरूनच माहीत होतं.

काठावर गलबतं माल भरत होती. फ्रीज, टायर, गाद्या, बिस्किटांची खोकी. काही इराणला जाणार, काही सोमालियाला. त्यातली दोन मांडवी-सलायाची निघाली. खलाशांशी अण्णांची गुजराती-हिंदीत गट्टी जमली आणि आम्हाला लाकडी डेकवर चहा मिळाला.

तिथे चौलचा विषय निघाला. मैत्रिणीने अण्णांना विचारलं, तुमचं गाव कसं आहे? अण्णांनी हात हलवला. "आता काय, वाड्या. नारळ, सुपारी, आठवडाअखेर मुंबईची गर्दी." मग मलाच राहवलं नाही. रेवदंड्याला लागून असलेलं चौल म्हणजे अरबांचं सैमूर. इसवी सन ९१६च्या सुमारास अल मसूदी हा बगदादचा प्रवासी तिथे आला होता. त्याने लिहून ठेवलं आहे, की या गावात दहाएक हजार मुसलमान राहतात. ओमानचे, सिराफचे, बसऱ्याचे, बगदादचे, आणि या मंडळींची तिथेच जन्मलेली मुलंही. त्यांचे तंटे त्यांचाच प्रमुख सोडवी आणि त्याला नेमणूक तिथला हिंदू राजा देई. म्हणजे हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्याची माणसं पोटासाठी आमच्या खाडीवर येऊन राहिली होती, आज आम्ही त्यांच्या. मग पोर्तुगीज आले, मराठे आले, मुंबई मोठी झाली, चौलची खाडी भरत गेली. चौलला कोणी उपसलं नाही. आणि ल्यूबेकसारखं कोणी जपलंही नाही. कोटाच्या भिंतींवर वडाची मुळं चढली.

तीन बंदरांचा हिशेब तिथे चहाबरोबर नीट मांडून झाल्यासारखा वाटला. ल्यूबेक थांबलं म्हणून टिकलं. दुबई थांबली नाही म्हणून जगली आणि त्या भरात आपलंच जुनं अंग तिने कापून टाकलं. चौलच्या नशिबी दोन्ही नाही. घरी येताना मात्र माझ्या मनात या हिशेबात एक खोट निघाली, आणि ती अण्णांच्याच वाक्याने काढली. काही बसू द्यायचं नाही, सतत उपसत राहायचं, हा दुबईचा स्वभाव. तो पाण्यापुरता राहत नाही. भाजीबाजार हलतो, देऊळ हलतं, गलबतांचा धक्का हलतो. माणसंही हलतात. १९००च्या आसपास आलेल्या बस्तकच्या व्यापाऱ्यांना इथे जमीन मिळाली, त्यांची नातवंडं-पतवंडं आज या देशाची नागरिक आहेत. नंतर आलेल्या आम्हाला मिळतो व्हिसा. नोकरी आहे तोवर आहे. नोकरी गेली की थोडे दिवस, आणि मग सामान बांधायचं. वीस-पंचवीस वर्षं राहिलेलं मराठी कुटुंब एका महिन्यात इथून पुसलं जाताना मी पाहिलं आहे. गणपतीच्या हॉलमधली त्यांची नेहमीची जागा पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाची असते. वाट मोकळी राहते, बंदर चालू राहतं.

ही नुसती तक्रार नाही. याच नियमाने मला इथे घेतलं, नाहीतर मी आले असते कशाला? पण मसूदीच्या चौलमध्ये आलेला माणूस राहिला, त्याची मुलं तिथे झाली आणि पिढ्या गेल्यावर अशाच माणसांची वंशावळ कोकणी बोलायला लागली. बंदर गाळाने मेलं, ती माणसं मात्र गेली नाहीत. रेवदंडा, श्रीवर्धन, दाभोळच्या मोहल्ल्यांतून ती अजून आहेत आणि त्यातलीच कितीतरी आज दुबईत नोकरी करतात. मध्ययुगातल्या जर्मन शहरांत म्हणे एक वर्ष आणि एक दिवस राहिलेला भूदास मोकळा होऊन शहराचा होत असे. म्हणजे व्यापारी गावांनाही कधीतरी ठरवावं लागतं, की पाण्यातला गाळ काढायचा, पण माणसाला कुठवर काढत राहायचं.

दुबईलाही हे उमगत असावं. २०१९पासून या देशाने दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा द्यायला सुरुवात केली, अर्थात ज्यांच्याकडे पैसा किंवा मोठी पदवी आहे त्यांना. आमच्या मुलीकडे सध्या दोन्ही नाही. ती बारावीत आहे, जन्म बर दुबईचा, पासपोर्ट भारताचा, सुट्टीत रेवदंड्याला गेली की आठव्या दिवशी कंटाळते. पुढच्या वर्षी कॉलेजसाठी ती बाहेर जाईल आणि परत आली तरी तिला इथे राहायला व्हिसा लागेल, कालच विमानातून उतरलेल्या कोणालाही लागतो तसाच. मोत्यांचा धंदा गेल्यावर खाडी उपसायचं धाडस या गावाने एकदा केलं होतं. इथेच जन्मलेल्या मुलांना इथली म्हणायचं धाडस त्या मानाने स्वस्त आहे, त्याला कुवेतचं कर्जही लागणार नाही.